ह्यांना वाटायचं, आपण चुकलो

आयुष्यात मी सगळ्यांत जास्त काय लिहिलं असेल, तर कुणी बोलत नाही अशी वाक्यं. बुटांच्या चार खोक्यांत कार्डं भरून ठेवली आहेत, कडा पिवळ्या पडलेली. एका कार्डावर एक वाक्य, आणि बऱ्याच वाक्यांच्या डोक्यावर चांदणी. वाक्यरचनेचा अभ्यास करणारे जगभर ही खूण वापरतात. चांदणी दिसली की समजायचं, ती भाषा बोलणारं माणूस असं बोलणार नाही. कुणी बोललंच, तर त्याच्या कानाला खटकेल.

सर्वांत जुन्या कार्डावर दोन ओळी आहेत. 'तू पोळी खाल्लीस.' आणि खाली, चांदणी लावून, 'तू पोळी खाल्लास.'

यात शोधण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मला मात्र या 'खाल्लीस'ने विशीत जे धरलं, ते सोडलंच नाही. पोळी स्त्रीलिंगी म्हणून 'ली'. खाणारा 'तू' म्हणून 'स'. आंबा असता तर खाल्लास, केळं असतं तर खाल्लंस, पोळ्या असत्या तर खाल्ल्यास. एवढ्याशा क्रियापदाला कर्त्याचंही मन राखायचं आहे आणि कर्माचंही. हिंदी 'तूने रोटी खायी' म्हणून मोकळी होते, तिथे क्रियापद फक्त रोटीकडे बघतं. शाळेच्या व्याकरणात आपल्या या प्रकाराला कर्तृ-कर्मसंकर असं भारदस्त नाव आहे. आम्ही नाव पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो. आई रोज तव्यासमोर उभी राहून 'डबा घेतलास का, छत्री घेतलीस का' असं विचारायची, ते तेच आहे हे कुणी दाखवलं नाही.

आम्ही नौपाड्यात राहायचो, दोन खोल्या आणि समाईक गॅलरी. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पाळीवर. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. तिथल्या टेबलावर मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मी पहिल्यांदा उघडलं. ते 1911 सालचं पुस्तक. त्याच्याही आधी, 1836 साली, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं होतं. दामले वाचताना मला पहिल्यांदा कळलं की एका वाक्यावर दोन जाणती माणसं वाद घालू शकतात, आणि तो वाद पानोपानी चालू शकतो. मी शास्त्र शाखेत होते. त्या वर्षी परीक्षेला कमी मार्क पडले. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी भाषाशास्त्राकडे वळते म्हटलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्यात काय शोधायचं असतं?" मी 'खाल्लीस'चं सांगितलं. ते कामावरून आले होते, पाय धुऊन बसले होते. थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटले, "खाल्लास, खाल्लीस, खाल्लंस." मग म्हणाले, "आहे खरं. जा."

त्या 'जा'वर मी पुण्याला गेले, मग हैदराबादला पीएच.डी.साठी. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाचन, वसतिगृह, पैशांची ओढाताण. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींच्या 1957च्या छोट्या पुस्तकापासून 1981च्या जाड पुस्तकापर्यंत सगळं उपसलं. कामाची गोष्ट म्हणजे तिथे मला प्रश्न विचारायला शिकवलं गेलं, आणि मराठी माणसाला तो प्रश्न कसा विचारायचा हे मात्र मी ठाण्यात येऊन शिकले.

सुट्टीत मी कार्डांचा गठ्ठा घेऊन तलावपाळीवर जायची. मासुंदा तलावाच्या कडेला, कौपिनेश्वराच्या देवळातून येणारी, फिरायला निघालेली म्हातारी माणसं कट्ट्यावर टेकलेली असत. सुरुवातीला मी विचारायची, "हे वाक्य बरोबर आहे का?" ही माझी मोठी चूक होती. 'बरोबर का' म्हटलं की माणूस शाळेत जाऊन बसतो. निवृत्त मास्तर असले तर अनुस्वार तपासतात, कुणी म्हणतं "शुद्ध मराठीत असं नाही म्हणत", कुणी वाक्यातल्या गोष्टीवरच अडतं: "पण त्याने तिचे पैसे घेतलेच का?" मग एका आजींनीच मला शब्द दिला. दोन वाक्यं ऐकून त्या म्हणाल्या, "पहिलं ठीक आहे. दुसरं खटकतं गं." पुढे तीस वर्षं मी तोच शब्द वापरला. खटकतं का? हा शब्द थेट कानाला विचारतो, मध्ये शाळा येत नाही. विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगत आले की 'चूक' हा मास्तरांचा शब्द आहे, 'खटकणं' हा आपला.

'शिकणे'ची गोष्ट त्या कट्ट्यावरचीच. 'मी धडा वाचला', पण 'मी धडा शिकलो'. 'मी नाव लिहिलं', पण 'मी नाव विसरलो'. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं हा नियम. शिकणं, विसरणं, बोलणं, पिणं ही मंडळी मात्र कर्त्याला सोडत नाहीत. का? वाटतं की ज्या कृतीने करणाऱ्याच्याच आत काहीतरी बदलतं, तिथे क्रियापद त्याच्याकडे राहतं. शिकणारा बदलतो, धडा आहे तसाच असतो. किती सुंदर उत्तर! पण मग 'खाणं' त्या यादीत का नाही? 'मी चहा प्यायलो' आणि 'मी पोळी खाल्ली', एकाच घशाखाली जाणाऱ्या दोन गोष्टी. या एका 'का'मध्ये माझी तीन वर्षं गेली. उत्तर पूर्ण मिळालं असं मी आजही म्हणणार नाही.

माझं खरं काम मात्र 'आपण'वर झालं.

हा शब्द मुळात आत्मन्. प्राकृतात अप्पण, मराठीत आपण. आत्म्यापासून निघाला आणि कुठे कुठे पोचला! 'चला, आपण निघू' मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आहेत. ऐकणाऱ्याला वगळायचं असेल तर आम्ही म्हणावं लागतं. हिंदीत 'हम'मध्ये हा भेद नाही, आपल्याकडे आणि दक्षिणेच्या बहुतेक द्राविडी भाषांत आहे. 'आपण बसावं' मध्ये तो समोरच्याला दिलेला मान आहे. 'आपण नाय घाबरत कोणाला' म्हणणाऱ्या मुंबईच्या पोरात तो नुसता 'मी' आहे. आणि 'आपण किती करावं माणसाने' यात तो कुणीही आहे. हे सगळं आपण रोज बोलतो आणि एकदाही अडखळत नाही.

मी अडखळले ते आणखी एका आपणवर. 'सुधाला वाटतं, आपण हुशार आहोत.' इथे हुशार कोण? सुधा. वाक्य सुधाच्या मनातलं आहे आणि 'आपण' तिच्याकडेच परत जातो. 'स्वतः' असं करत नाही. 'सुधा स्वतःला दोष देते' यात स्वतःला आपल्याच छोट्या वाक्यात धनी सापडतो. 'आपण' त्या वाक्याचं कुंपण ओलांडून बाहेर जातो आणि ज्याच्या मनात हे चाललंय त्याला शोधून काढतो. चॉम्स्कींच्या 1981च्या मांडणीप्रमाणे आत्मवाचक सर्वनामाचा धनी जवळच मिळायला हवा होता. चिनीतला 'त्स्जी', जपानीतला 'जिबुन', तेलुगु-तमिळमधला 'तान' आणि मराठीतला आपण, यांनी ती मांडणी बरीच ताणायला लावली. मराठीच्या बाजूने हे जगासमोर ठेवण्यात काशी वाली यांचं काम पायाचं आहे. दक्षिण आशियाई भाषांमधल्या सर्वनामांवरचा जो मोठा ग्रंथ 2000 साली आला, त्याच्या चार संपादकांपैकी त्या एक. त्यांचे लेख मी इतके वाचले की कागद दुमडीवर फाटले.

हा आपण नेमकं काय करतो, हे मी वर्गात एका गोष्टीने सांगायची. जॉन पेरी नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1979 साली ती लिहिली. तो दुकानात सामान घेत फिरतोय. जमिनीवर साखरेची रेघ दिसते. कुणाची तरी पिशवी फाटली आहे, त्याला सांगावं म्हणून तो रेघेमागे जातो, फेऱ्यावर फेऱ्या मारतो, आणि शेवटी त्याला उमगतं की फाटकी पिशवी त्याच्याच गाडीत आहे. आता जांभळी नाक्यावरच्या एखाद्या दुकानात तसंच घडलं असं समजा. समोरच्या आरशात एक माणूस दिसतोय, त्याच्या पिशवीतून साखर गळतेय, आणि तो आपणच आहोत हे आपल्या गृहस्थाच्या लक्षात आलेलं नाही. त्या क्षणी 'त्याला वाटतंय, त्याच्या पिशवीतून साखर गळतेय' हे एका अर्थी खरं आहे, कारण आरशातला 'तो' तोच आहे. पण 'त्याला वाटतंय, आपल्या पिशवीतून साखर गळतेय'? नाही. अजून नाही. उमगल्यावर. इंग्रजीला दोन्हीकडे एकच 'हिज' आहे. मराठीने त्या उमगण्यासाठी एक शब्द राखून ठेवला आहे. स्वतःला स्वतः म्हणून ओळखल्याशिवाय 'आपण' येत नाही. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

यावर मी लेख लिहिला आणि परदेशी पाठवला. त्या काळात एकेका उदाहरणाखाली तीन ओळी लिहायच्या: रोमन लिपीत मराठी, खाली शब्दागणिक अर्थ, खाली भाषांतर. टिंबं आणि आडव्या रेघा हाताने काढल्या. सात महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं. लेख परत. कारण असं की त्यांच्या ओळखीच्या एका मराठी भाषकाला 'सुधाला वाटतं, आपण हुशार आहोत'चा 'सुधा हुशार आहे' हा अर्थ मुळीच लागत नव्हता. त्याला फक्त 'आपण सगळे हुशार आहोत' एवढंच ऐकू येत होतं.

मला राग आला. माझ्या भाषेत मी काय म्हणते ते मला सांगणारे हे कोण! मी ठाण्याला आले आणि अकरा जणांना विचारलं. आई, बाबा, शेजारच्या काकू, कट्ट्यावरचे पाच, भावाचे दोन मित्र, पिठाच्या गिरणीवाले भाऊ. नऊ जणांना दोन्ही अर्थ लागले, आणि आधी लागला तो सुधाचाच. भावाच्या दोन्ही मित्रांना मात्र लागला नाही. "सुधाला वाटतं ती हुशार आहे, असं म्हणू ना आम्ही," ते म्हणाले. दोघेही विशीच्या आतले, कॉलेजात हिंदी-इंग्रजीत वावरणारे. मी लेख पुन्हा पाठवला, नऊ जणांचं लेखात मांडलं आणि त्या दोघांना तळटीपेत टाकलं. लेख छापून आला. ती तळटीप पुढे कुणी विचारली नाही, मीही नाही.

इथे मला कबूल करायला हवं की त्यांना तळटीपेत टाकण्यात माझा निवाडा होता. मला वाटलं होतं, या मुलांची मराठी कच्ची आहे. भाषाशास्त्रज्ञाने असं म्हणायचं नसतं. आमच्या सोसायटीतली मुलं 'तू कधी आला?', 'तू काम केलं?' म्हणतात, 'आलास', 'केलंस'मधला 'स' त्यांच्या बोलण्यातून गेला आहे. माझ्या बहिणीला ते ऐकवत नाही. पण तो 'स' नसलेली मराठी महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी घरोघर बोलली जाते, आणि ती कुणाच्या आळसातून आलेली नाही. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी बोलींचं सर्वेक्षण करताना गावोगावच्या माणसांचं बोलणं मुद्रित करून ठेवलं आहे. ते ऐकत बसलं की आपल्या चांदण्या एकेक करून खाली ठेवाव्या लागतात. पहिल्या कार्डावरची चांदणी खरी आहे, पण ती नौपाड्यातल्या माझ्या घराची. हे कार्डावर कुठे लिहिलेलं नाही.

नौपाड्यातल्या त्या दोन खोल्या आम्ही 1996 साली सोडल्या. पागडीची जागा होती. भावाचं लग्न ठरलं होतं, मला नोकरी लागली होती, ऐरोलीला सिडकोच्या इमारतीत बरी जागा मिळत होती. बाबांचं मन नव्हतं. मीच त्यांना हिशेब मांडून दाखवला, दोन संध्याकाळी. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बघा, तुम्हाला पटतंय ना." सामान टेम्पोत भरून कळवा, विटावा, दिघा करत आम्ही खाडीच्या पलीकडे गेलो. तिथे हवा होती, उजेड होता, पाणी चोवीस तास. बाबांना तलावपाळी राहिली नाही. सुरुवातीला ते बसने ठाण्याला जायचे, कट्ट्यावर बसून परत यायचे. मग गुडघे गेले. मग गॅलरीत खुर्ची टाकून दुपारभर बसायचे. जुनी चाळ पुढे पाडली, तिथे टॉवर आला आणि ज्यांनी जागा सोडली नव्हती त्यांना त्यात घरं मिळाली. बाबांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. 2011च्या पावसाळ्यात ते गेले.

पाच वर्षांनी, मी आणि आई जेवणाच्या टेबलाशी वाल सोलत बसलो होतो. भिजवून मोड आणलेले कडवे वाल. साल दोन बोटांत दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो आणि नखांत हिरवट वास राहतो. जुन्या शेजाऱ्यांच्या घरी वास्तुशांत होती, तिचं बोलणं निघालं. आई वाल सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ह्यांना शेवटपर्यंत वाटायचं, आपण चुकलो."

माझा हात थांबला. वीस वर्षं मी ज्या वाक्यावर पोट भरलं, तेच वाक्य. वाटणं हे क्रियापद, मनात ते ज्याच्या तो धनी, आणि आपण.

मी एक अर्थ लावला: बाबांना वाटायचं की ते स्वतः चुकले. साखर आपल्याच पिशवीतून गळाली, असं. मग दुसरा: बाबांना वाटायचं की आपण, घरातले सगळे, चुकलो, त्यात समोर बसलेली मीही आले, हिशेब मांडणारी मी. नुसते आई आणि बाबा असते, तर आई माझ्याशी बोलताना 'आम्ही' म्हणाली असती. इथवर व्याकरणाने मला हात धरून नेलं. मग तिसरा दिसला. मराठीत दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून ठेवतात. कदाचित बाबा तिलाच तसं म्हणाले असतील, रात्री दिवा मालवल्यावर, "आपण चुकलो". आणि त्या आपणमध्ये ते दोघंच असतील. तसं असेल तर आई त्यातला अर्धा वाटा स्वतःकडे घेऊन बसली होती.

एका वाक्याला तीन अर्थ, आणि तिन्ही मी फळ्यावर वाक्यरचनेचं झाड काढून दाखवू शकले असते.

"आपण म्हणजे कोण गं?" मी विचारलं.

आईने वाटी पुढे ओढली. "म्हणजे काय? आपण," ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही. तिच्या कानाला वाक्यात काही खटकलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. कट्ट्यावरच्या माणसांना मी एकच गोष्ट चार वेळा फिरवून विचारली होती, आणि आईला दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडेना. रात्री मी ते वाक्य कार्डावर लिहिलं, तारीख घातली, खाली एक, दोन, तीन असे अर्थ लिहिले. चांदणीचा प्रश्नच नव्हता.

आईही आता नाही. मी निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत भावाची मुलगी ऐरोलीला आली होती. सतरा वर्षांची, हुशार, मराठी घरात बोलते, बाहेर तीन भाषांत. माळ्यावरची खोकी काढताना तिच्या हाती ते कार्ड लागलं. तिला आजोबा फार आठवत नाहीत. तिने वाक्य मोठ्याने वाचलं.

"काय कळलं?" मी विचारलं.

"आजोबांना वाटायचं, आपण सगळे चुकलो. ना?"

"आणखी काही?"

तिने पुन्हा वाचलं, ओठ हलवत, बाबा 'खाल्लीस' पुटपुटले होते तसंच. "नाही. आपण म्हणजे आपण सगळे. दुसरं काय होणार?" मग कार्डाच्या खालची माझी यादी वाचली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कसं होईल, आत्या? एकटे आजोबा असते तर 'ते चुकले' असं लिहिलं असतं ना?"

मी तिला साखरेची गोष्ट सांगितली. सुधा सांगितली. तिने मन लावून ऐकलं, दोन-तीनदा वाक्य म्हणून बघितलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "तू सांगतेस म्हणून कळतं. ऐकू नाही येत."

तळटीपेतल्या त्या दोन मुलांची नावं मी कार्डावर लिहून ठेवली होती. ती शोधून काढली, आणि हिचं नाव, वय, गाव त्यांच्याखाली लिहिलं. मग आईच्या वाक्याचं कार्ड परत घेतलं आणि पहिल्या अर्थासमोर लिहिलं: आई, बाबा, मी.